निरंक

"येतेस का? कार्तिक सरून रायला," आई फोनवर म्हणाली. "आवळीखाली जेवाचं हाय. यंदा नाही आली, तं पुढच्या वर्षी माहे पाय काही तिथपर्यंत जात नाही."

आईचे पाय गेली आठ वर्षं 'यंदापुरतेच' चालत आलेत. तरी मी रजा टाकली आणि नागपूरहून चिमूरची एसटी पकडली.

आवळीभोजन महाराष्ट्रात सगळीकडेच करतात. आमच्याकडे त्यात शास्त्र कमी आणि पानगे जास्त. कणकेचे जाड पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. पानाच्या शिरा पानग्यावर उमटलेल्या असतात. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. झाडाला सूत गुंडाळणं, हळदकुंकू हे पाच मिनिटांत उरकतं. मग तीन-चार तास नुसतं बसायचं. बायका पाय लांब करून बसतात. एरवी आमच्या गावात बाई पाय लांब करून बसलेली मी पाहिलेली नाही, बाळंतपणाचा सव्वा महिना सोडला तर.

आवळीचं झाड आमच्या वाडीतही आहे आणि शाळेच्या आवारातही आहे. पण जेवण तलावावरच्याच आवळीखाली. हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांच्या काळातला. पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाला तो कुणाच्या तरी मामाचा वाटतो. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दोन मोह आणि ही आवळी. गावातून तिथे जायला पंधरा मिनिटांची पांदण होती. होती म्हणते, कारण तीन वर्षांपूर्वी तिच्यावर फाटक बसलं.

फाटक एका रिसॉर्टचं आहे. गाव ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात येतं, सफारीचं गेट फार लांब नाही, तेव्हा हे कधीतरी व्हायचंच होतं. पांदणीच्या दोन्ही बाजूंची शेतं ज्यांनी विकली त्यांना मी दोष देत नाही. एकाच्या धानात वर्षाआड रानडुकरं शिरत होती आणि दुसऱ्याच्या दोन पोरींची लग्नं तोंडावर होती. शेतं गेली, मधली पांदणही त्यांच्याबरोबर तारेच्या आत गेली. जंगल मात्र विकलेलं नाही. एक झाडसुद्धा नाही. ताडोबा-अंधारीचा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि भोवतीचा ११०० चौरस किलोमीटरचा बफर कागदावर जिथल्या तिथे आहे. तलाव तर १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हापासून सरकारजमा. "जंगल विकलं" असं कुणी म्हणालं तर अधिकारी नकाशा उघडून दाखवतील आणि ते खरंच बोलत असतील. गेली ती जंगलाकडे जायची पंधरा मिनिटं.

पहिल्या वर्षी काकांनी तालुक्याला अर्ज दिला. मीही सोबत गेले होते. समोरचा माणूस सज्जन होता, चहा मागवला, नकाशा काढला.

"तलावापलीकडे तुमचं शेत आहे?"

"नाही."

"बैलगाडी न्यायची असते? अवजारं?"

"नाही."

"मग जायचं कशाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे. 'आवळीखाली बसायला' हे शब्द त्या खोलीत तोंडातून निघेनात. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जायची वाट मागता येते. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायला १९०६ सालचा मामलेदार न्यायालयांचा कायदाही आहे. पण त्या सगळ्याच्या बुडाशी शेत हवं. ज्याला पलीकडे काही कामच नाही, त्याच्या वाटेचं काय करायचं हा प्रश्न बहुधा त्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता.

मग आम्ही जुने कागद काढले. मध्य प्रांताच्या काळात आमच्याकडे गावोगाव निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे. गावकऱ्यांनी जंगलातून काय न्यायचं ते निस्तारपत्रकात: जळतण, गवत, कुंपणाला काटे, नांगराला लाकूड. मासेमारी, ओलिताचं पाणी, खासगी जमिनीतून जाणाऱ्या वाटा असले गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जात. आमच्या गावच्या कागदात ही पांदण खरोखरच निघाली. काका तिथल्या तिथे उभे राहिले. नोंद अशी होती, की गावची गुरं पाण्याला नेण्यासाठी वहिवाट आहे. माणसांबद्दल काही नाही. गुरं होती तेव्हा त्यांच्यामागून माणूस जातच होता, वेगळं लिहायची गरज कुणाला वाटली नसेल. आज गावात गुरं उरलीत वीस-पंचवीस आणि ती गोठ्यातच पाणी पितात. "एखादी कालवड घे आन जा तिच्या मागं," आई म्हणाली. ती थट्टा करत होती असं मी बराच वेळ धरून चालले होते.

नंतर लक्षात आलं, की आईची सगळी पिढी जंगलात कुणा ना कुणाच्या मागूनच गेली आहे. माझ्या लहानपणी ती आठवड्यातून दोनदा सरपणाला जायची. पाच-सहा जणी, डोईवर चुंबळ, हातात विळा, पहाटेच्या अंधारात निघायच्या. मोळी बांधायला तास-दीड तास पुरतो, हे मी मोठेपणी स्वतः करून पाहिलंय. पण त्या परतायच्या ऊन चढल्यावर. मधला वेळ कुठे जायचा? मी एकदा मागे लागून गेले तेव्हा कळलं. मोळ्या बांधून झाडाला टेकवल्या आणि बायांनी तलावात पाय सोडले. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाला न आलेली पाळी, सगळं पाण्यात पाय ठेवून. एकीने गाणं म्हटलं, दुसरीने तिला पाण्यात ढकललं. माझी आई इतक्या मोठ्याने हसू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. उन्हाळ्यात टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारं (चारोळीची), पावसाळ्यात सात्या (रानातली अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब), थंडीत येरोण्या (बोरांसारखी रानफळं). प्रत्येक ऋतूला जंगलात जायला एक बहाणा होता आणि प्रत्येक बहाण्याला ओटीत दाखवायला काहीतरी होतं. नुसतीच फिरून आले असं घरी सांगायची सोय कुठल्याही बाईला नव्हती.

मग गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि वर्ष-दोन वर्षांत आमच्या आळीतल्या बहुतेक घरांत सिलिंडर दिसायला लागला. चूल गेली, डोळे वाचले, खोकला गेला. गॅसबद्दल वाईट बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण सरपण गेलं तशी पाण्यात पाय सोडायची सकाळही गेली, आणि तिच्यासाठी कुणी रडलं नाही. रडायला तिचं काही नाव असायला हवं होतं.

काका वनहक्क समितीत होते. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या गडचिरोलीत त्याचा मोठा बोलबाला झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. आमच्या काकांना ते सगळं पाठ आहे. गावाने दाव्याचा नमुना भरला त्याची झेरॉक्स अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. मी ती या खेपेला मागून घेतली आणि आवळीभोजनाच्या आदल्या रात्री अंगणात बसून वाचली.

निस्तार: जळतण, काटे, गवत, शेतीची अवजारं. गौण वनोपज: मोह, टोळ (मोहाची फळं), तेंदू, चार, आवळा, डिंक, मध. मासे, चराई. काकांचं अक्षर सुंदर आहे, प्रत्येक रकाना काठोकाठ भरलेला. आणि शेवटाकडे एक रकाना, 'इतर पारंपरिक हक्क, असल्यास'. त्यापुढे त्याच सुंदर अक्षरात एकच शब्द: निरंक.

सरकारी कागद हाताळलेल्या मराठी माणसाला हा शब्द ओळखीचा असेल. रकाना कोरा ठेवायचा नसतो, म्हणून निरंक लिहायचं. मी काकांना विचारलं, इथे काही का नाही लिहिलं?

"काय लिवाचं?" ते म्हणाले. "बसण्याचा हक्क? उपविभागाच्या समितीनं आमाले हाकलून देल्लं असतं."

खरंच दिलं असतं का, मला माहीत नाही. कायद्याच्या तिसऱ्या कलमात शेवटाकडे एक मोकळं पोतं ठेवलेलं आहे: वर न आलेला, पण परंपरेने उपभोगलेला इतर कोणताही हक्क, फक्त शिकार सोडून. आणि पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेलं निवेदनही चालतं. आम्ही आदिवासी नाही, तेव्हा आम्हाला तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. आई, तिची सासू, तिची सासू. तिघीही तलावात पाय सोडून बसल्या होत्या, असं एक प्रतिज्ञापत्र मी त्या रात्री मनातल्या मनात लिहूनही काढलं. साक्षीदार म्हणून दोन मोहाची झाडं.

ऐकायला हे गमतीचं वाटेल. पण जंगलाच्या कायद्यांत माणूस शिरतो तो कशासाठी, हे एकदा नीट वाचून बघावं. १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलात परवानगीशिवाय पाय ठेवणं हाच गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं २७ वं कलम अभयारण्यात कुणाला जाता येईल ते सांगतं आणि २८ वं कलम परवाना कशासाठी द्यायचा त्याची यादी करतं: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, आत राहणाऱ्यांशी व्यवहार आणि पर्यटन. म्हणजे मुंबईहून येऊन जिप्सीत बसणाऱ्याचं येणं कायद्याला कळतं. शेजारच्या गावातून चपला घालून चालत आलेल्या बाईचं कळत नाही. २०१५ मध्ये केंद्राने विरळ झालेली सरकारी जंगलं लागवडीसाठी खासगी कंपन्यांना देण्याच्या सूचना राज्यांकडे धाडल्या, त्यातही गावकऱ्यांसाठी दहा-पंधरा टक्के जागा सोडायची होती, वनोपज गोळा करायला. वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सफारी आणि निसर्ग पर्यटनाच्या सोयी यांना, काही अटींवर, वनेतर काम मानायचंच नाही असं ठरलं. कायदा कडक असो की सैल, सरकारचा असो की कंपनीच्या सोयीचा, गावच्या माणसाच्या हातात त्याला टोपली दिसावी लागते.

माझी आजी बैलगाडीने ताडोबाला जायची. तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे; तारू वाघाशी झुंजून मेला अशी गोष्ट. पौषात तिथे जत्रा भरायची. आजीच्या तोंडून मी जेवढं ऐकलं त्यात देव थोडा होता. रात्रीचा मुक्काम, शेकोट्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि गाडीखाली झोपलेल्या पोरी जास्त होत्या. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि हळूहळू त्या वाटेला परवानगीचे दिवस लागले. आता मी तिथे गेले ती ऑफिसच्या लोकांबरोबर, ऑनलाइन बुकिंग करून, आधार कार्ड दाखवून. माझ्या वाट्याला आलेले पैसे म्हणजे आमच्या गावातल्या बाईची आठवडाभराची रोवणीची मजुरी. वाघीण दिसली. गाडीतून उतरायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. तारूचं ठाणं कुठे म्हणून मी गाइडला विचारलं, त्याने नम्रपणे हात करून झाडी दाखवली.

वाघाचं न बोलता हा लेख लिहिला तर आमच्या गावचे लोक मला उभं करणार नाहीत. मोहफुलं वेचायला वाकलेली बाई आणि वाघ यांची गाठ पडल्याची बातमी आमच्या जिल्ह्यात जवळपास दर उन्हाळ्यात येते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. आमच्या शेजारच्या गावातली एक जण अशी गेली, तेव्हापासून आई एकटी कधी पाळीवर जात नाही. तेव्हा सगळीकडे मोकाट हिंडू द्या असं मी म्हणणार नाही. जंगल कधीतरी मिटायला हवं, रात्री तरी, पावसाळ्यात तरी. पण रिसॉर्टच्या तारेचं कारण वाघ नाही. तारेच्या आतले पाहुणे संध्याकाळी त्याच पाळीवर खुर्च्या टाकून बसतात.

इंग्लंडमध्ये २०१० साली तिथल्या सरकारने आपल्या ताब्यातली सुमारे २.५ लाख हेक्टर जंगलं विकायला किंवा भाड्याने द्यायला काढली होती. पाच लाखांवर लोकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मंत्रीणबाईंनी संसदेत 'आमचं चुकलं' म्हणून बेत मागे घेतला. त्या लोकांचं जंगल म्हणजे कुत्रा फिरवणं, सायकल, रविवारचा डबा. मला हेवा वाटला तो एका गोष्टीचा. मोकळ्या रानात पायी फिरायचा हक्क त्यांच्याकडे २००० सालच्या कायद्यात लिहिलेला आहे. काय जाणार हे त्यांना एका वाक्यात सांगता येत होतं. अर्थात तिथेही लोकांची भीती अशी, की पायी फिरायचा हक्क कागदावर राहील आणि गाडी लावायच्या जागेला नवा मालक कुलूप घालील. तेव्हा रानापेक्षा रानाची वाट महाग, हे त्यांनाही कळलेलं दिसतं.

आम्ही मंगळवारी गेलो. मंगळवारी सफारी बंद असते, पाहुणे कमी, मॅनेजर बहुधा चंद्रपूरला. एके काळी आवळीखाली पंचवीस-तीस बाया असत. यंदा पाच जणी. आई, दोन चुलत्या, शेजारची काकू आणि मी.

फाटकावर काकूचा नातूच गार्ड आहे. बारावी झालेला, निळा शर्ट, खिशाला पेन. त्याला नोकरी गावात मिळाली याचा सगळ्यांना आनंद आहे, मलाही. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"आत्या, तुमी कवा आल्या?" मग आईकडे वळून, "आजी, वहीत लिवा लागते. क्यामेरा हाय."

वहीत चार रकाने होते. नाव, वेळ, गाडी नंबर, कारण. पहिले दोन त्याने भरले, तिसऱ्यात आडवी रेघ मारली आणि चौथ्यावर पेन थांबलं. काकूच्या पिशवीतून वांगी दिसत होती, माझ्या हातात पळसाच्या पानांचा गठ्ठा होता. पोरगं हुशार आहे, पण वरून जे लिहायला सांगितलंय त्यात आवळी नव्हती.

"कारन काय लिवू, आजी?"

आईने क्षणभरही घेतला नाही. "सरपन."

"गॅस हाय न तुमच्याकडं."

"तू लिव."

त्याने लिहिलं, चार वाजेपर्यंत या म्हणाला आणि फाटक उघडलं.

पाळीवर आता लाकडी फळ्यांचा ओटा आहे. त्याच्यावर पांढऱ्या खुर्च्या आणि मिटलेली मोठी छत्री. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आवळीखाली जागा झाडली, तीन दगड मांडले. पाण्यात कमळाची पानं होती, बुडक्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत होते. पलीकडच्या बांध्यांत धान कापणी सुरू होती आणि वाऱ्याबरोबर पेंढीचा वास येत होता. पानगे थोडे करपले. काकूने तूप घरी विसरलं म्हणून तिला दिवसभर बोलणी बसली. जेवून झाल्यावर सगळ्यांनी पाय लांब केले. फार कुणी बोललं नाही. आईने मधेच विचारलं, नागपुरात तुमी बाया कुठं बसता? मी बागेचं नाव सांगितलं. "तिकिट?" म्हणाली. फिरायच्या वेळेत नसतं, म्हटलं.

साडेतीनला आम्ही भांडी घासली आणि मी पिशव्या भरायला घेतल्या. आई दिसेना. पाहिलं तर ती मोहाखाली वाकून काटक्या गोळा करत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, वाकली की पुन्हा सरळ व्हायला तिला झाडाला हात लावावा लागतो.

"आई, काय करतेस? गॅसचा नंबर परवाच लावला ना."

"लिवलं हाय त्यानं," ती म्हणाली. "पोराची वही खोटी कायले पाडाची?"

मी तिला वेल तोडून दिली. तिने मोळी बांधली, लहानशीच, हाताखाली मावेल एवढी. पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर घेतली. फाटकापाशी पोराने मोळी पाहिली, वहीत बाहेर पडल्याची वेळ टाकली आणि आजीसाठी फाटक दोन्ही हातांनी पूर्ण उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एसटीला निघाले तेव्हा मोळी अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आत गॅसवर चहा उकळत होता.